डास पळवणारी तेलं, पाला आणि कुंड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा पहिला पाऊस पडला की हे प्रश्न यायला लागतात आणि दिवाळी होईपर्यंत थांबत नाहीत. बहुतेक डासांबद्दलचे असतात, थोडे मुंग्या-झुरळांचे आणि धान्याच्या डब्यांचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी पुरेल असं लिहिलं आहे. एखादी गोष्ट आधी येऊन गेली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डास पळवणारं आणि डास मारणारं, यात फरक काय?

पळवणारं औषध अंगाला किंवा कपड्याला लावतात. त्याची वाफ त्वचेभोवती असते तोवर मादी डासाला माणूस नीट हुंगता येत नाही, किंवा जवळ आली तरी ती टेकत नाही. डास मरत नाही आणि घराबाहेरही जात नाही. समोरच्या पडद्यामागे बसून राहतो आणि औषधाचा जोर ओसरला की परत येतो. कॉइल, मॅट आणि लिक्विडमधली अ‍ॅलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन ही द्रव्यं थेट डासाच्या मज्जासंस्थेवर काम करतात. ती बनवली कारखान्यात, पण त्यांचा मूळ नमुना पायरेथ्रम नावाच्या, शेवंतीच्या कुळातल्या पांढऱ्या फुलातून घेतलेला आहे. त्यामुळे ‘वनस्पतीचं ते सौम्य आणि कारखान्यातलं ते जहाल’ अशी सरळ वाटणी करता येत नाही.

२. वनस्पतींची तेलं खरंच चालतात, की नुसता वास असतो?

चालतात, पण थोडा वेळ. तो वेळ किती हे कळल्याशिवाय कुठलंही तेल विकत घेऊ नका.

हे मोजायची ठरलेली पद्धत आहे. दोनशेच्या आसपास उपाशी माद्या सोडलेल्या जाळीच्या पेटीत औषध लावलेला हात घालायचा, दर अर्ध्या-एक तासाने तीन मिनिटं, पहिला डास चावेपर्यंत. असाच पेटीत हात घालून केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत सुमारे २४ टक्के डीट (कारखान्यात बनवलेलं, डास पळवणारं रसायन) असलेलं औषध सरासरी पाच तास टिकलं. २ टक्के सोयाबीन तेलाचं तयार औषध दीड तासाच्या थोडं वर गेलं. सिट्रोनेला या गवताच्या तेलाच्या सगळ्या उत्पादनांचा असर २० मिनिटांच्या आत संपला.

त्यातल्या त्यात टिकाऊ म्हणजे लेमन युकॅलिप्टस या निलगिरीच्या जातीपासून केलेलं पीएमडी हे द्रव्य. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००५ पासून वनस्पतिजन्य पर्याय म्हणून त्याची शिफारस केली आहे. मात्र बाजारात त्याच्या नावाने दुसरंच काहीतरी मिळतं, त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

३. वास येतोय, तरी डास चावतात. असं का?

तुमच्या नाकाला लागणारी मात्रा आणि डासाला अडवणारी मात्रा यांत बरंच अंतर आहे. कपड्याला तासन्तास वास राहतो, पण त्वचेवरून तेलाचा मोठा भाग पहिल्या अर्ध्या तासातच उडून गेलेला असतो. ज्या हलकेपणामुळे तेलाची वाफ होते आणि डास दूर राहतो, त्याच हलकेपणामुळे ते टिकत नाही.

त्यात मुंबईची हवा. हवा १० अंशांनी तापली की त्वचेवरच्या औषधाचा टिकण्याचा वेळ जवळपास निम्म्यापर्यंत येऊ शकतो, हे डीटवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, आणि तेलं डीटपेक्षा कितीतरी लवकर उडतात. वर घाम. सव्वासहाच्या लोकलमध्ये कोंबून आलेल्या माणसाच्या मानेवर सकाळचं काही उरलेलं नसतं.

उडणं धिमं करायला व्हॅनिलिन वापरतात. ५ टक्के व्हॅनिलिन घातल्यावर सिट्रोनेला आणि हळदीच्या तेलाचा असर लांबल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. केकमध्ये घालायचा व्हॅनिला इसेन्स मात्र यासाठी चालत नाही. त्यात व्हॅनिलिन अगदी थोडं असतं आणि बाकीचा पातळ भाग तेलात मिसळतच नाही.

४. गॅलरीत गवती चहा, तुळस, झेंडू लावले तर डास येणार नाहीत ना?

येतील. तेल पानाच्या आत बारीक पेशींत बंद असतं. पान चुरगळल्याशिवाय ते हवेत येत नाही, आणि वाऱ्यावर उभं असलेलं झाड डासाला अडवण्याइतकी वाफ सोडत नाही. ‘डास पळवणारं झाड’ म्हणून परदेशात खपलेल्या सिट्रोसा नावाच्या जिरेनियमची १९९० च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा डास त्याच्या पानांवरच येऊन बसताना दिसले.

आणखी एक गल्लत. आपण चहात घालतो तो गवती चहा आणि सिट्रोनेला ही एकाच कुळातली दोन वेगळी गवतं आहेत. गवती चहात सिट्रल असतं आणि त्याचा वास लिंबाकडे झुकतो. सिट्रोनेलात सिट्रोनेलल आणि जिरॅनिऑल असतं, वास अधिक उग्र, साबणासारखा. सिट्रोनेला चहात घालायचं गवत नाही.

झाडं आवडीने लावा, पण कुंडीखालच्या थाळीतलं पाणी ओता. दहा सुगंधी कुंड्यांच्या दहा भरलेल्या थाळ्या म्हणजे डेंग्यूच्या डासाला दहा पाळणे.

५. कडुलिंबाचं तेल खोबरेलात मिसळून लावतात, ते कितपत खरं?

याला आधार आहे, पण सगळ्या डासांसाठी नाही. १९९३ साली भारतातल्याच एका अभ्यासात खोबरेलात २ टक्के कडुलिंबाचं तेल मिसळून लावलं, आणि हिवतापाच्या अ‍ॅनोफिलीस जातीच्या डासांपासून रात्रभर, बारा तास, संरक्षण मिळाल्याचं दिसलं. इतरत्र झालेल्या चाचण्यांत इतका चांगला निकाल आला नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसवर ते कमी पडतं. म्हणून रात्री मच्छरदाणीच्या जोडीला लावायला हरकत नाही, पण दिवसा शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पायाला लावून निर्धास्त होऊ नका.

प्रमाण सोपं आहे: १०० मिली खोबरेलात २ मिली कडुलिंबाचं तेल. जास्त घातल्याने फायदा वाढेलच असं नाही, खाज मात्र वाढते. तेल घाण्याचं घ्या. बिनवासाचं, पाण्यासारखं फिकट तेल असेल तर ते बरंच शुद्ध केलेलं असतं आणि त्यातले कामाचे घटक निघून गेलेले असतात. आणि हे तेल लहान बाळाच्या पोटात कधीही जाऊ देऊ नका. जंतांवर, खोकल्यावर म्हणून पाजलेल्या कडुलिंबाच्या तेलाने तान्ह्या मुलांना झटके येऊन मेंदू आणि यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

६. घरी तेल करायचं असेल तर नेमकं प्रमाण सांगा.

मोठ्या माणसांसाठी, संध्याकाळी गच्चीवर किंवा गॅलरीत तासभर बसण्यापुरतं:

खोबरेल किंवा तिळाचं तेल ३० मिली, सिट्रोनेला तेल दीड मिली (साधारण ३० थेंब), लवंग तेल ३ थेंब. म्हणजे सिट्रोनेला ५ टक्के आणि लवंग अर्धा टक्का.

थेंब मोजण्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली सिरिंज वापरा, कारण जाड आणि पातळ तेलाचा थेंब सारखा नसतो. गडद काचेची बाटली धुऊन पूर्ण कोरडी करा. आधी सुगंधी तेलं, मग खोबरेल, मग झाकण लावून तळहातांत मिनिटभर फिरवा. पातळ प्लॅस्टिकची बाटली नको, ही तेलं प्लॅस्टिक मऊ करतात. लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून २४ तास थांबा. लाली किंवा आग दिसली तर पुढे जाऊ नका.

लावताना उघडी कातडी एकसारखी झाकली गेली पाहिजे. अत्तरासारखं मनगटाला आणि कानामागे लावून उपयोग नाही, कारण घोटा उघडा राहिला तर डास नेमका तिथेच टेकतो. २०-३० मिनिटांनी पुन्हा लावा.

बिघडतं ते बहुधा तीन कारणांनी. पहिलं, लवंग तेल वाढवणं. शुद्ध लवंग तेल पेटीतल्या चाचण्यांत दोन तास आणि त्याहून जास्तही टिकलेलं आहे, हे वाचून लोक हात सैल सोडतात. पण ते तेल न मिसळता त्वचेवर लावलं तर भाजल्यासारखी आग होते. दुसरं, पाण्यात मिसळून स्प्रे करणं. तेल पाण्यावर तरंगतं, कितीही हलवलं तरी एका फवाऱ्यात नुसतं पाणी येतं आणि दुसऱ्यात चेहऱ्यावर शुद्ध तेल. तिसरं, लिंबाच्या सालीचं तेल घालणं. सालीतून दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात तर काळे डाग पडतात, फोडही येतात.

तयार तेल अंधाऱ्या कपाटात दोन-तीन महिने ठेवा. वास आंबूस किंवा रंगासारखा यायला लागला की टाकून द्या. जुन्या, हवा लागलेल्या तेलाने अ‍ॅलर्जी होण्याचा संभव ताज्यापेक्षा जास्त असतो.

७. निलगिरी तेल आणि लेमन युकॅलिप्टस एकच ना?

नाही. नावं जवळची असली तरी या तीन वेगळ्या वस्तू आहेत. सर्दीत वाफ घ्यायचं निलगिरी तेल वेगळ्या जातीच्या युकॅलिप्टसचं असतं, त्यात मुख्यतः सिनिओल असतं, आणि डासांवर त्याचा असर थोडाच वेळ राहतो. लेमन युकॅलिप्टसच्या पानांचं सुगंधी तेल बहुतांशी सिट्रोनेलल असतं, म्हणजे वागायला सिट्रोनेलासारखंच. तिसरं म्हणजे त्याच तेलावर प्रक्रिया करून पीएमडीचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास नेलेला अर्क. कच्च्या तेलात हे पीएमडी एक-दोन टक्केच असतं. चाचण्यांत उजवा ठरला तो हा तिसरा.

बाटलीवर ‘पीएमडी’ किंवा पॅरा-मेंथेन-डायॉल आणि त्याची टक्केवारी लिहिलेली नसेल, तर ते साधं सुगंधी तेल समजा. पीएमडी तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नाही.

८. लिक्विडच्या रिकाम्या बाटलीत कडुलिंबाचं तेल आणि कापूर घालून मशीन लावलं तर चालतं का?

चालत नाही, आणि करू नका. हा सगळ्यात जास्त फिरणारा नुस्खा आहे, म्हणून आत काय घडतं ते सांगतो. मशीनमधली काळी कांडी बाटलीतला पातळ द्रव वर ओढते आणि वरचा गरम कडा त्याची वाफ करतो. कडुलिंबाचं तेल हे खोबरेलासारखंच स्निग्ध तेल. त्या उष्णतेला त्याची वाफ होत नाही. ते कांडीच्या टोकाशी शिजतं, चिकट काळा थर बसतो आणि दोन-तीन रात्रींत कांडी चोंदते. बाटलीतली पातळी तसूभरही उतरलेली नसते. वास येतो तो कापराचा.

कापूर मात्र उडतो आणि थंड भागावर परत पांढरा जमतो. मशीनच्या जाळीवर पिठासारखी पूड दिसते ती हीच. त्याची वाफ ५४ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते आणि मशीनचा कडा त्याहून खूप जास्त तापतो. पातळ व्हावं म्हणून काही जण त्यात रॉकेल किंवा टर्पेंटाइन घालतात. बंद खोलीत, पडद्याशेजारच्या प्लगवर, माणसं झोपलेली असताना हे करणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

९. घरात लहान मूल आहे. वनस्पतीचं म्हणजे निर्धोकच ना?

नाही, आणि याबाबत कृपया कुणाचं ऐकून धोका पत्करू नका. एक ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात गेल्याने लहान मूल दगावल्याची नोंद आहे. झटके काही मिनिटांत ते दीड तासात येऊ शकतात. निलगिरी तेलाचे काही मिली पोटात गेले तरी तेच होऊ शकतं. देव्हाऱ्यातली कापराची डबी, बशीत पाण्यावर ठेवलेल्या वड्या, उशीखालची पुरचुंडी हे सगळं रांगत्या मुलाच्या हाताबाहेर हवं. मुलाने गिळलंच तर उलटी काढायला लावू नका. डबी किंवा बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीच लावायचं नाही, फक्त मच्छरदाणी. त्यापुढेही मुलाच्या तळहाताला, डोळ्यांजवळ, ओठांजवळ लावू नका. मोठ्याने आपल्या हातावर घेऊन मग मुलाला लावावं. गरोदर बाईंनी घरगुती तेलांचे प्रयोग टाळावेत. या तेलांची तशी तपासणी झालेली नाही, उलट डीट आणि पिकारिडिन (डीटसारखंच डास पळवणारं रसायन) सूचनांप्रमाणे वापरलं तर गरोदरपणातही चालतं असं वैद्यकीय संस्था सांगतात.

१०. कडुलिंबाचा पाला, धूप, ‘हर्बल’ अगरबत्ती जाळली तर?

धुराने डास काही वेळ हटतात, हे खरं आहे. पण उघड्या अंगणातला धूर आणि दहा बाय बाराच्या खोलीतला धूर यांत फरक आहे. एक डास कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतका बारीक धूर निघतो, हे मोजलेलं आहे. पाल्याचा धूरही फुप्फुसाला धूरच असतो. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर हा उपाय सोडा.

अगरबत्तीचं आणखी एक. ‘शंभर टक्के हर्बल’ लिहिलेल्या काही अगरबत्त्यांत नोंदणी नसलेली मेपरफ्लुथ्रिनसारखी कीटकनाशकं सापडली आहेत. अगरबत्ती लावताच डास पटापट पडत असतील तर ते सिट्रोनेलाचं काम नव्हे. घरगुती कीटकनाशकाची १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटकाचं नाव आणि टक्केवारी नसेल तर घेऊ नका.

११. हातातला बँड, शर्टावरचं स्टिकर?

उपयोग नाही. प्रश्न २ मधल्या तुलनेत मनगटी बँड मिनिटभरही टिकले नाहीत. बँडपासून चार बोटांवरची कातडीसुद्धा उघडीच असते.

१२. लसूण किंवा बी-१ च्या गोळ्या खाल्ल्या तर डास चावत नाहीत?

चावतात. दोन्ही तपासून झालं आहे.

१३. सोसायटीत डेंग्यूचा रुग्ण निघाला. तेलावर भागेल का?

नाही. इथे तेल बाजूला ठेवा. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. दर वीस मिनिटांनी तेल लावणं ऑफिसात, शाळेत कुणालाच जमत नाही. २० टक्क्यांच्या वरचं डीट, २० टक्के पिकारिडिन किंवा पीएमडी वापरा, पायभर कपडे घाला आणि आजारी माणसाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला चावणार नाही. पंखाही मोठा ठेवा. डास दुबळा उडतो, जोराच्या वाऱ्यात त्याला नीट टेकता येत नाही.

खरं काम पाण्याचं आहे. अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पिंप नुसतं ओतून चालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या कडेला, काळ्या खसखशीसारखी अंडी चिकटलेली असतात. ती कोरडी पडूनही काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. आतून काथ्याने घासा, मग भरा, वर झाकण किंवा घट्ट बांधलेलं कापड. मग बघायच्या जागा: मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या नळीखालची बादली, पत्र्यावरच्या निळ्या ताडपत्रीच्या घड्या, गच्चीवरचं भंगार, गावी गेलेल्या शेजाऱ्यांच्या खिडकीतल्या कुंड्या. हिवतापाचा अ‍ॅनोफिलीस स्टीफन्सी गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो, त्यामुळे टाकीचं झाकण घट्ट बसतंय का हे सेक्रेटरींना दाखवायला लावा. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या कीटकनाशक विभागाला कळवा, माणसं येऊन तपासतात. गटारातला क्युलेक्स जातीचा डास रात्री भणभणतो आणि झोप मोडतो, पण डेंग्यू पसरवतो तो स्वच्छ पाण्यातला.

१४. धान्यातले किडे, मुंग्या, झुरळं, ढेकूण यांवर काय चालतं?

धान्यावर घरगुती उपाय खरोखर चांगले चालतात. मूग, चवळी, हरभऱ्याला किलोमागे ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा, एरंडेल हाताने चोळून लावा. भुंगेरा दाण्याला अंडी चिकटवतो, तेलाच्या थराखाली ती गुदमरतात. मात्र दाण्याच्या आत शिरलेल्या अळीला तेल पोचत नाही, म्हणून आणल्या आणल्या लावायचं, भोकं दिसल्यावर नाही. तांदळात कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुडकुडीत वाळवून, कापडाच्या पुरचुंडीत. जरा ओलसर पाला गेला की पावसाळ्यात डब्यात बुरशी आणि जाळी धरते. रवा-मैद्याला तमालपत्रापेक्षा फ्रीझर बरा: तीन-चार दिवस ठेवलं की अंडीही मरतात. बोरिक पावडर पुष्कळ घरांत तांदळाला लावतात, पण ती वनस्पतीची नाही आणि पोटात जायची वस्तू नाही.

मुंग्यांच्या वाटेवर वेखंडाची पूड टाकली तर त्या वळतात, पण आधी साबणाच्या पाण्याने ती वाट पुसा, नाहीतर वासाच्या खुणेवरून दुसरीकडून येतात. वेखंडात बीटा-असारोन हे विषारी द्रव्य असतं, त्यामुळे ओट्यावर खाण्याजवळ नको. झुरळं तमालपत्राने फार तर त्या खणातून शेजारच्या खणात जातात. ढेकणांवर कडुलिंब फवारलं तर ते पांगतात आणि भिंतीतल्या फटीत शिरतात. त्यांना ५० अंशांच्या वरची उष्णता लागते, म्हणजे गरम पाण्यात धुणं आणि गादीच्या शिवणीवर वाफ.

१५. घरात मांजर आहे. काय टाळू?

टी-ट्री, लवंग आणि लिंबूवर्गीय तेलं मांजराच्या अंगावर चोळणं, आणि त्यांचा डिफ्यूझर बंद खोलीत लावणं. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट निचरता येत नाहीत, शिवाय ते अंग चाटतं, म्हणजे तेल पोटात जातं. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं गोचीड-औषध मांजराला लावणं जीवघेणं ठरतं.

१६. सनस्क्रीन आणि तेल दोन्ही लावायचं तर आधी काय?

आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून तेल. उलट केलंत तर तेल खाली अडकतं आणि वाफ वर येत नाही.

१७. आम्ही दोघं शेजारी बसतो. त्यांनी तेल लावलं की मला जास्त चावतात. हा भास आहे का?

भास नाही. तेलाने डास मरत नाही (प्रश्न १), तो जवळच्या उघड्या माणसाकडे वळतो, आणि हे प्रत्यक्ष मोजलेलंही आहे. गॅलरीत चौघं बसणार असाल तर चौघांनी लावा, आधी लहान मुलं आणि पांघरूण फेकणारे आजोबा बघा. शिवाय प्रत्येकाच्या त्वचेवरची आम्लं वेगळी असतात, काही माणसं डासाला मुळातच जास्त खुणावतात. तुम्ही त्यांतले असाल तर शेजाऱ्याला पाऊण तास पुरलेलं तेल तुम्हाला पंधरा मिनिटंच पुरेल. स्वतःचा पहिला डास चावेपर्यंतचा वेळ दोन-तीन संध्याकाळी घड्याळ लावून बघा आणि त्याच्या आधी पाच मिनिटं पुन्हा लावा.